तीन सिलिंडरवर चालणारी गाडी

जुन्या मोटार मेकॅनिकांबद्दल बोलणे निघाले की एक वाक्य हमखास येते: तो नुसत्या आवाजावरून रोग सांगायचा. हे कौतुक खरे आहे, पण त्यात त्या माणसाच्या कामाचा मोठा भाग झाकला जातो. इंजिन ‘मिसिंग’ करते आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेटायच्या वेळी पेटत नाही, एवढे कानाला कळते. कोणता सिलिंडर आणि का, हे कान सांगू शकत नाही. ते शोधायला एकेक सिलिंडर मुद्दाम बंद करून बघावा लागतो, एकेक कारण बाजूला काढावे लागते आणि उरेल त्यावर बोट ठेवावे लागते. पुण्याच्या मंडईत भाजी, फळे, नारळ आणि फुले आणून टाकणाऱ्या छोट्या मालगाड्यांचा गेल्या साठ-पासष्ट वर्षांचा इतिहास याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. इंजिने तीन-चार वेळा मुळापासून बदलली, हत्यारे बदलली, बोली बदलली, पण मिसिंग शोधण्याची तर्काची रीत तीच राहिली. बदल झाला तो वेगळ्याच ठिकाणी: ती रीत वापरण्याची मुभा कोणाला आहे, यात. कान हरवला म्हणून जी हळहळ होते ती मला म्हणूनच चुकीच्या जागी वाटते. हळहळायचेच तर त्या मुभेसाठी हळहळावे.

आधी यंत्राची गोष्ट स्पष्ट करू. चार सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर मंद चालत असते तेव्हा प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे मिनिटाला एकूण १६०० स्फोट होतात. त्यातला एक सिलिंडर मेला तर मिनिटाला ४०० जागा रिकाम्या जातात, सेकंदाला सहा-सात. हा खंड कानाला सहज जाणवतो, आणि गाडीच्या हौद्यावर हात ठेवला तर हातालाही. पेटण्यासाठी तीन गोष्टी एकाच क्षणी जुळाव्या लागतात: योग्य प्रमाणात इंधन, पुरेसे कॉम्प्रेशन, आणि वेळेवर ठिणगी. डिझेलमध्ये ठिणगीची जागा दाबाने तापलेली हवा घेते. प्लग, पॉइंट, कॉइल, पंप, नोझल, व्हॉल्व्ह, हेड गॅस्केट, रिंगा यांपैकी काहीही बिघडले तरी कानाला ऐकू येणारा खंड जवळपास सारखाच असतो. लक्षण एक आणि कारणे डझनभर. अशा ठिकाणी नुसते अनुभवाचे ज्ञान पुरत नाही, पद्धत लागते.

मंडईची इमारत या यंत्रासाठी बांधलेली नव्हती. शनिवारवाड्यासमोरच्या उघड्यावरच्या बाजाराला छप्पर मिळावे म्हणून शुक्रवार पेठेत ही वास्तू उभी राहिली आणि १८८६ मध्ये मुंबई प्रांताचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ‘रे मार्केट’ म्हणून सुरू झाली. एवढा खर्च बाजाराच्या इमारतीवर करण्याला नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा फुल्यांनी विरोध केला होता, हा पैसा शिक्षणाकडे जावा असे त्यांचे म्हणणे होते. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच इमारतीला फुल्यांचे नाव मिळाले. योगायोग असा की कार्ल बेंझने आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले तेही १८८६ सालीच, जानेवारीत, आणि त्या यंत्रातले सर्वांत अवघड कोडे त्याच्या मते ठिणगीचेच होते. मंडईचा अष्टकोनी मनोरा आणि त्याभोवती फुटलेले हात हे पायी गिऱ्हाईक, डोक्यावरची पाटी आणि बाहेर सोडलेली बैलगाडी यांच्या मापाने आखलेले आहेत. भोवतालच्या पेठांचे रस्तेही त्याच मापाचे. मोठा ट्रक तिथे शिरणे कठीण, त्यामुळे मोटार मंडईत आली ती लहान होऊनच आली.

ती लहान मोटारही पुण्याच्याच परिसरात घडली. उद्योजक फिरोदियांनी हॅम्बुर्गच्या विडाल अँड सोन या कंपनीशी करार करून १९५८ मध्ये बजाज टेंपो कंपनी काढली. कारखाना पुढे आकुर्डीला आला आणि तीन चाकांच्या मालवाहू गाडीला महाराष्ट्रभर ‘टेंपो’ हेच नाव पडले. बजाज ऑटोला स्कूटर आणि तीनचाकी बनवण्याचा परवाना १९५९ मध्ये मिळाला आणि त्यांच्या मालवाहू रिक्षाही पेठांमध्ये शिरल्या. या काळातली तीनचाकी म्हणजे टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन, ज्यात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे. मालवाहू रिक्षात सिलिंडर एकच, त्यामुळे ‘कोणता’ हा प्रश्नच नव्हता, फक्त ‘का’ एवढाच होता. उत्तराची सुरुवात प्लगपासून होई. प्लग पान्याने काढायचा, इंजिनच्या अंगाला टेकवून किक मारायची आणि ठिणगी बघायची. निळी, कडक ठिणगी आली तर रोग इंधनाकडे. पिवळट, लुळी आली तर पॉइंट किंवा कंडेन्सर. प्लगच्या तोंडाचा रंगही बोलतो: कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओले काळे म्हणजे तेल जास्त, पांढरट म्हणजे इंजिन तापते आहे. पुष्कळदा दोन टोकांमध्ये कार्बनचा बारीक धागा पूल बांधून बसलेला असे. पॉलिश पेपरने तो साफ केला, गॅप बसवला की गाडी चालू. काम दहा मिनिटांचे दिसते, पण त्यातला क्रम महत्त्वाचा आहे. ठिणगी आधी बघितल्याने निम्मी कारणे एका झटक्यात बाद होतात.

नंतर मंडईच्या मालाचा मार्ग बदलला, आणि माझ्या मते गाड्यांचा रोगही त्याबरोबर बदलला. घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला आणि मंडई मुख्यतः किरकोळ विक्रीची राहिली. त्यामुळे खेड्यातून शहरात एकदाच येणाऱ्या मालाच्या वाटेत एक नवा छोटा टप्पा निर्माण झाला: पहाटे गुलटेकडीला भरायचे आणि दोन-तीन किलोमीटरवर मंडईत रिकामे करायचे. इंजिनासाठी याहून वाईट धावणे नाही. इंजिन पुरते तापण्याआधी प्रवास संपतो. माल उतरवेपर्यंत गाडी मंद चालू ठेवली जाते किंवा बंद करून पुन्हा थंडच सुरू केली जाते, आणि वजन मात्र पासिंगपेक्षा जास्त असते. प्लगचे टोक काही शे अंश तापले तरच त्यावरची काजळी जळून जाते. एवढ्या छोट्या फेरीत ते तापत नाही. टू-स्ट्रोकमध्ये तेलाचा कार्बन धूर बाहेर जाण्याच्या पोर्टमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचतो, जळलेला वायू मागे राहतो, नवा भरणा कमी येतो आणि एकआड एक स्ट्रोक फुकट जातो. तीच गाडी सासवडच्या रस्त्याने लांब धावली असती तर तिने हा कार्बन स्वतःच जाळला असता. मिसिंगचा इतिहास नुसता इंजिनांच्या मॉडेलांवरून लिहिता येत नाही, बाजाराच्या नकाशावरूनही वाचावा लागतो, हे मी या पुराव्यावरून म्हणतो.

याच काळात चार सिलिंडरच्या डिझेल गाड्या वाढल्या. बजाज टेंपोची मॅटाडोर १९६९ पासून आली आणि पुढे तिच्यात मर्सिडीजच्या परवान्याने बनवलेले डिझेल इंजिन बसले. १९८६ मध्ये टाटांची ४०७ आली. डिझेलला ठिणगीचा प्लग नाही, पॉइंट नाही, पण पंप आणि नोझल आहेत, आणि त्यांची विद्या महाराष्ट्रात मोटारीच्या आधीच रुजली होती. सातारच्या कूपरच्या आणि पुण्यात खडकीला १९४६ मध्ये सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सच्या डिझेल इंजिनांनी गावोगावच्या विहिरींवर पाणी उपसले होते. ‘इंजिनने हवा धरली’ हे वाक्य शेतकऱ्याच्या तोंडचे होते. फिल्टरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारायचा, बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार येईपर्यंत थांबायचे, ही क्रिया विहिरीच्या काठावर शिकलेल्या माणसाला टेंपोखाली शिरल्यावर नवीन शिकावी लागत नव्हती. नोझल तर नाशिकला सातपूरच्या कारखान्यात बनत होते. पुण्याच्या गॅरेजांतल्या डिझेल-ज्ञानाचे श्रेय सहसा मोटार कारखान्यांना आणि आयटीआयला दिले जाते. ते योग्यच आहे, पण सिंचनाच्या इंजिनांचा वाटा त्यात मोजलाच जात नाही, तो मोजायला हवा.

चार सिलिंडर आले तेव्हा ‘कोणता’ हा प्रश्न उभा राहिला आणि इथेच वगळण्याची पद्धत पुरती आकाराला आली. डिझेल इंजिन मंद चालू ठेवायचे. पंपाकडून पहिल्या नोझलकडे जाणाऱ्या नळीचा नट पान्याने अर्धा फेरा सैल करायचा. डिझेल बाहेर गळू लागते, तो सिलिंडर बंद होतो. इंजिनचा आवाज पडला, थरथर वाढली, तर हा सिलिंडर काम करत होता. नट घट्ट करून दुसऱ्याकडे जायचे. ज्या नळीला सैल केल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही, तो मेलेला सिलिंडर. पेट्रोल गाडीत हेच काम प्लगची वायर एकेक काढून व्हायचे. एक्झॉस्टच्या चार शाखांवर पाण्याचा थेंब टाकूनही खात्री करता येई, मेलेल्या सिलिंडरच्या शाखेवर तो चुरचुरत नाही. मग पुढची पायरी: संशयित नोझल काढून शेजारच्या सिलिंडरला लावायचे. मिसिंग नोझलबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेले तर दोष नोझलचा, जागच्या जागी राहिले तर दोष पंपाचा किंवा कॉम्प्रेशनचा. यात अंदाज कुठेच नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सारे तसेच ठेवायचे आणि परिणाम बघायचा, ही प्रयोगशाळेतली शिस्त आहे. शाळा फार न शिकलेल्या माणसांनी ती रस्त्याच्या कडेला पाळली, आणि आपण तिला ‘हाताचा गुण’ म्हणून मोकळे झालो.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. सगळेच मेकॅनिक असे शिस्तीने वागत होते काय? नाही. पुष्कळ जण प्लग बदल, नाही जमले तर कॉइल बदल, तेही नाही तर कार्बोरेटर खोल, असे करत. गाडीवाल्याच्या खिशातून पैसे जात आणि रोग तसाच राही. पण या धरसोडीची कारणे केवळ अज्ञानात शोधू नयेत. मंडईचा माल नाशवंत आहे. पहाटेच्या व्यापारात तासभर उशीर झाला तर कोथिंबिरीची जुडी पडेल त्या भावाने द्यावी लागते. अशा वेळी गाडीवाल्याला निदान नको असते, गाडी हलायला हवी असते. त्यातून दुरुस्तीचे दोन थर पडले. पहिला थर रस्त्यावरचा: प्लग पुस, वायर कोरडी कर, हवा काढ, माल पोचव. दुसरा थर दुपारचा, बाजार ओसरल्यावरचा: टॅपेट तपास, कॉम्प्रेशन बघ, पंप कॅलिब्रेशनला पाठव. पहिल्या थरात जे अंदाजाने केलेले दिसते ते पुष्कळदा हिशोबाने केलेले असे. सर्वांत स्वस्त, सर्वांत संभाव्य आणि सर्वांत लवकर होणारे काम आधी, हाही एक तर्क आहे. खरी चूक व्हायची ती दुसरा थर कधी उजाडलाच नाही तर. बिचाऱ्या गाडीवर दुपारी दुसरी भाडी लागलेली असत.

शिवाय कधी कधी रोग इंजिनात नसायचाच. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळले की त्याचा ऑक्टेन उतरतो, प्लग काळे पडतात, चढावर गाडी झटके खाते. डिझेलमध्ये रॉकेल मिसळले की वंगण कमी पडून पंपाचे आणि नोझलचे सूक्ष्म भाग झिजतात. रेशनच्या रॉकेलला निळा रंग देण्यामागे ही भेसळ पकडण्याचा हेतू होता. तरीही तो धंदा किती खोल होता हे २५ जानेवारी २०११ रोजी महाराष्ट्राने पाहिले. मनमाडजवळ इंधनाच्या चोरीला हात घालणारे मालेगावचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना त्या दिवशी जिवंत जाळण्यात आले. प्लगच्या तोंडावरची काजळी वाचणारा मेकॅनिक या साखळीच्या अगदी शेवटच्या टोकाला उभा होता. त्याने प्लग कितीही वेळा पुसला तरी टाकीतले इंधन त्याच्या हातात नव्हते, आणि परत आलेल्या गाडीचा दोष मात्र त्याच्याच कामावर बसत असे.

२००५ च्या मे महिन्यात टाटांची एस आली. ‘छोटा हत्ती’ हे तिचे नाव लोकांनीच रूढ केले. चार चाके, दोन सिलिंडर, ७०० सीसीचे डिझेल. मंडईसाठी ही गाडी मापून बनवल्यासारखी होती, पेठेच्या गल्लीत वळणारी आणि पाऊण टन वाहणारी. दोन सिलिंडरच्या इंजिनात एक गेला की निम्मे बळ जाते, म्हणून इथे मिसिंग लपत नाही. पहिल्या एसमध्ये पंप यांत्रिकच होता, तेव्हा नळी सैल करण्याची जुनी रीत चालली. थोड्या मोठ्या पिकअप गाड्यांमध्ये मात्र कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणारी एकच दाबाची नळी, आली आणि त्या रीतीवर बंदीच आली. रेलमधला दाब १६०० बारच्या घरात असतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सोळाशे पट. चालू इंजिनावर ती नळी सैल केली तर फवारा कातडी भेदून आत शिरतो आणि हात गमावण्याची वेळ येते. पान्याची जागा स्कॅनरने घेतली. बीएस-४ या प्रदूषण मानकांबरोबर गाडीनेच स्वतःचे दोष नोंदवण्याची व्यवस्था आली. अमेरिकेत १९९६ पासून सक्तीच्या झालेल्या पद्धतीतले कोड इथेही आले: पी ०३०० म्हणजे कुठेतरी मिसफायर, पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये, पी ०३०२ म्हणजे दुसऱ्यात. १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ लागू झाले तेव्हा छोट्या डिझेल इंजिनांचा धूर साफ करणे महाग पडू लागले. तीच एस पेट्रोलवर आणि सीएनजीवरही आली. पंधरा वर्षे नोझलवर गेलेली मंडईची छोटी गाडी पुन्हा प्लगकडे परतली.

इथे दुसरा आक्षेप येतो: यंत्र स्वतःच सिलिंडरचा नंबर सांगते, मग जुन्या पद्धतीचे कौतुक कशाला? याचे उत्तर देण्यासाठी कोड कसा तयार होतो ते पाहावे लागते. क्रँकशाफ्टवर दातांचे एक चक्र असते आणि त्याच्याजवळ सेन्सर. कंट्रोल युनिट एका दातापासून दुसऱ्या दातापर्यंत लागलेला वेळ मोजत राहते. सिलिंडर नीट पेटला तर शाफ्टला धक्का बसून तो वेळ कमी होतो, न पेटला तर वाढतो. मेकॅनिकच्या कानाला सेकंदाला सहा-सात वेळा जाणवणारा खंड आणि हा वाढलेला वेळ या दोन्ही गोष्टी मुळात एकच आहेत. म्हणजे स्कॅनर कानाचा वारस आहे, आणि कानापेक्षा कितीतरी तल्लख आहे, हे मोकळेपणाने मान्य करावे. तो ‘कोणता’ हे सांगतो. ‘का’ हे तोही सांगत नाही. शिवाय खड्ड्यांच्या रस्त्यावर चाकांचे हिसके शाफ्टपर्यंत पोचतात आणि खोटे मिसफायर दिसू शकते. ते ओळखण्यासाठी कंपन्यांना वेगळी सोय करावी लागली. आणि हा कोड मुळात दुरुस्तीसाठी जन्मलाच नाही. न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते, तो नको तितका तापतो आणि निकामी होतो. प्रदूषण रोखणारा तो भाग वाचावा म्हणून मिसफायरवर पहारा बसवला गेला.

‘का’ शोधायला आज काय केले जाते? पहिल्या सिलिंडरची कॉइल काढून दुसऱ्याला लावतात, दुसऱ्याची पहिल्याला. गाडी फिरवून आणतात, पुन्हा स्कॅनर लावतात. पी ०३०१ चा पी ०३०२ झाला तर कॉइल खराब, कोड जागेवरच राहिला तर प्लग बघा, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. मॅटाडोरच्या नोझलची अदलाबदल आणि ही अदलाबदल यांत तर्काचा तसूभरही फरक नाही. कॉमन रेलच्या डिझेल गाडीत प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्न नळीला सारख्या मापाची बाटली लावतात आणि इंजिन काही मिनिटे चालवतात. ज्या बाटलीत डिझेल जास्त भरले तो इंजेक्टर आतून गळतो. महागड्या उपकरणाविना होणारी ही चाचणी तुलनेच्या बळावरच उभी आहे. सीएनजी गाड्यांनी तर एक नवीच सोय दिली. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते. म्हणून गाडी गॅसवर झटके मारते आणि पेट्रोलवर नीट चालते, तर आधी प्लगचा वाढलेला गॅप आणि कॉइल तपासावी, मग गॅसचे किट. उलट पेट्रोलवरच झटके येत असतील तर ठिणगी बरी आहे, पेट्रोलचे इंजेक्टर बघावेत. एका बटणाने अर्धी कारणे बाद करण्याची ही चाल किक मारून ठिणगी बघण्याइतकीच नेमकी आहे. पद्धत संपली असती तर ती अशी नव्या इंधनाबरोबर पुन्हा उगवली नसती.

मग हरवले काय? नव्या इंजेक्टरवर एक कोड छापलेला असतो. तो गाडीच्या कंट्रोल युनिटमध्ये भरल्याशिवाय त्या इंजेक्टरचे माप जुळत नाही आणि बदललेला भाग नवा असूनही इंजिन खडबडत राहू शकते. कोड भरायला कंपनीच्या परवानगीचे सॉफ्टवेअर लागते. साधा स्कॅनर कोड वाचतो, पुसतो, पण लिहीत नाही. नळीच्या नटाला कुलूप नव्हते, पाना असेल तो उघडे. आता निदान पेठेतल्या गॅरेजात होऊ शकते आणि इलाज मात्र अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या दारात अडतो. ही केवळ गॅरेजवाल्यांची तक्रार नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना खुली न ठेवून स्पर्धा रोखली, असा आयोगाचा निष्कर्ष होता. दंडाच्या रकमेवरून पुढे अपिले झाली. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्यात मोटारींचाही समावेश केला.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. अर्धवट शिकलेल्या हातात सॉफ्टवेअर गेले तर इंधनाचे माप वाढवून गाडी ‘पळवली’ जाईल, धूर वाढेल, ब्रेकसारख्या जिवावरच्या यंत्रणेशी खेळ होईल. यातला प्रदूषणाचा मुद्दा मला खरोखर गंभीर वाटतो. मंडईभोवतीच्या गल्ल्यांत हवा कोंडते, आणि तिथे दिवसभर उभ्या राहणाऱ्या भाजीवालीच्या फुप्फुसांचा हिशोब कोणत्याही हक्कात धरलाच पाहिजे. पण हाच मुद्दा उलट बाजूनेही लावून बघावा. मिसिंग करणारी गाडी न जळलेले इंधन हवेत सोडते. अधिकृत दुरुस्ती महाग आणि लांब असल्याने गाडीवाला ती पुढे ढकलतो, डॅशबोर्डवरचा दिवा पुसून घेतो आणि आठवडेच्या आठवडे तशीच गाडी हाकतो. ज्या कारणासाठी मिसफायरवर पहारा बसवला, ते कारण कुलपामुळेच बुडते. माहिती खुली करून तिच्यासोबत प्रशिक्षण आणि जबाबदारी जोडणे, कोणी काय बदलले याची नोंद गाडीतच राहील अशी सोय करणे, हा मार्ग उपलब्ध आहे. औंधच्या आयटीआयमध्ये मुले मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकतात आणि त्यातली पुष्कळशी स्वतंत्र गॅरेजांतच कामाला लागतात. त्यांना सरकारी खर्चाने निदान शिकवायचे आणि इलाजाची किल्ली द्यायची नाही, यात मला कोणाचेच हित दिसत नाही.

विजेच्या मालवाहू तीनचाकी बाजारात आहेत आणि २०२२ मध्ये एसची विजेवरची आवृत्तीही जाहीर झाली. तिथे प्लग नाही, नोझल नाही, मिसिंगही नाही, तेव्हा हा सारा वाद काही वर्षांत आपोआप मिटेल असे कोणी म्हणेल. पण ४८ व्होल्टच्या बॅटरीत लोह-फॉस्फेटचे पंधरा-सोळा सेलगट एकामागे एक जोडलेले असतात, आणि त्यातला एक कमकुवत झाला की साऱ्या बॅटरीची मर्यादा तोच ठरवतो. गाडी चढावर दम सोडते, चार्ज अर्धा दिसत असताना अचानक थांबते. कारण शोधायचे तर प्रत्येक गटाचे व्होल्टेज भार देऊन स्वतंत्र मोजावे लागते, शेजाऱ्याशी ताडून बघावे लागते आणि वेगळा पडणारा गट बाजूला काढावा लागतो. हे आकडे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटला प्रत्येक क्षणी माहीत असतात. ते गाडीच्या मालकाला आणि त्याच्या गॅरेजवाल्याला वाचता यावेत, अशी अट आजच घालायला हवी. या गाड्यांची वॉरंटी संपून त्या पेठेतल्या गॅरेजांत येऊ लागतील तेव्हा ती घालायला उशीर झालेला असेल.